प्लेग, खिडकी आणि आपली सोसायटी

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींचा फोन आला तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की, "काका, आरोग्यावर बोला, वीस-पंचवीस मिनिटं, फार जड नको." आरोग्यावर बोलायला आपल्या ए विंगमध्ये दोन डॉक्टर आहेत. माझा त्या विषयाशी संबंध म्हणजे सकाळच्या चार आणि रात्रीच्या दोन गोळ्या. त्यामुळे शुगर किती असावी, गुडघ्यांना कोणतं तेल लावावं, अशी अपेक्षा ठेवून कोणी आलं असेल तर त्यांनी खुशाल मागच्या बाजूला बटाटेवड्याची व्यवस्था आहे तिकडे जावं. मी रागावणार नाही.

निवृत्तीनंतर मला जुन्या मुंबईबद्दल वाचायचा नाद लागला. वाचता वाचता असं दिसलं की सहकारी गृहनिर्माण संस्था ही जी गोष्ट आहे, जिचा आज आपण पंचविसावा वाढदिवस करतो आहोत, ती मुंबईत रुजली त्यामागे एका रोगाचा बराच हात आहे. तो रोग म्हणजे प्लेग. आपल्या इमारतीभोवती जी मोकळी जागा सोडलेली आहे, जिच्यावरून दर सर्वसाधारण सभेत आपण भांडतो, तिचं कूळही तिथपर्यंत जाऊन पोचतं. म्हणून आज प्लेगबद्दल बोलतो.

नोकरीत असताना चार वर्षं मी मांडवी भागातल्या शाखेत होतो. मशीद बंदर स्टेशनला उतरून चालत जायचं. दोन्ही बाजूंना धान्याची, मसाल्याची, सुक्या मेव्याची गोदामं. हातगाड्या, हमाल, गोणींचे ढीग. आणि इमारतींच्या मागच्या बाजूला घरगल्ल्या. नव्या पिढीला घरगल्ली माहीत नसेल. दोन इमारतींच्या पाठी एकमेकींना जवळजवळ लागलेल्या असतात, मधे दोन-चार हात रुंदीची फट, आणि त्या फटीत वरच्या सगळ्या मजल्यांचं सांडपाणी आणि कचरा. तिथले उंदीर मांजराला भीत नसत. आमच्या शाखेतल्या लाकडी कपाटाचा खालचा कोपरा त्यांनी कुरतडला होता. व्हाउचरं गेली, नोटा वाचल्या, त्यावर ऑडिटरनेही समाधान मानलं.

त्याच मांडवीत सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी एक रोगी तपासला. ताप, आणि जांघेत गाठ. हे डॉक्टर मूळचे गोव्याचे, मुंबई म्युनिसिपालिटीचे सभासद. त्यांनी उघड सांगितलं की हा गाठीचा प्लेग आहे. दोन वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला प्लेगने धुमाकूळ घातला होता, आणि हाँगकाँग-मुंबई जहाजांची ये-जा तर रोजचीच. तरीही शहराला ते नाव पचेना. व्यापाऱ्यांचं शहर! प्लेग म्हटलं की परदेशी बंदरांत आपली जहाजं अडणार, माल कुजणार. म्हणून काही दिवस 'संशयित ताप' वगैरे शब्द चालले. बँकेत आम्ही थकलेल्या कर्जाला जशी निरनिराळी गोड नावं द्यायचो, त्यातलाच हा प्रकार. मेट्रो सिनेमाजवळ व्हिएगसांचा पुतळा आहे. शेकडो वेळा आपण त्याच्यासमोरून गेलेलो असतो आणि तो कोणाचा आहे हे पाहिलेलं नसतं.

प्लेगचा जंतू १८९४ मध्येच सापडला होता, पण तो माणसापर्यंत कसा येतो हे १८९६ साली कोणालाही ठाऊक नव्हतं. उंदरावरच्या पिसवा तो आणतात हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवलं, आणि ते सर्वांना पटायला पुढे बरीच वर्षं गेली. तेव्हा सरकारचा समज असा की रोग घाणीत आहे, दमट जमिनीत आहे, कोंदट खोलीत आहे. मग काय, फिनेल आणि कार्बोलिकचे बंब घेऊन माणसं गल्ल्या धुऊ लागली. घरांची कौलं काढून आत ऊन सोडलं, जमिनी उकरल्या, भिंतींना चुना फासला, अंथरुणं जाळली. ज्या घरात राहणं अयोग्य ठरलं त्याच्या दारावर 'यू.एच.एच.' अशी इंग्रजी अक्षरं रंगवली, म्हणजे मनुष्यवस्तीस नालायक. आणि हे सगळं चालू असताना उंदीर शांतपणे शेजारच्या घरात जात होते, पिसवांसकट. धुलाईने ते उलट जास्तच पांगले असतील.

६ ऑक्टोबर १८९६ ला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी हुकूम काढला. कोणाच्याही घरात शिरून रोगी उचलून इस्पितळात न्यायचा. तीनच आठवड्यांनी, २९ ऑक्टोबरला, हजारभर गिरणी कामगार ऑर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. का? कारण इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, हे ते रोज पाहत होते. त्यावर अफवांचं पीक आलेलं. साहेब लोक रोग्याला उलटं टांगून त्याची मोमियाई काढतात, म्हणजे डोक्यातलं तेल. त्याच महिन्यात कोणीतरी व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं होतं. मग राणी रागावली आहे आणि तिने मुंबईकरांची काळजं मागितली आहेत, अशीही अफवा. आता हसू येतं. पण २०२० साली आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर 'हॉस्पिटलात किडन्या काढतात' असे मेसेज किती आले आणि ते कोणी कोणी फॉरवर्ड केले, याची यादी मी वाचून दाखवणार नाही. काळ बदलला तरी भीतीची तऱ्हा तीच राहते. माणसाला आत काय चाललंय हे दिसत नाही आणि सांगणाऱ्यावर त्याचा विश्वास नसतो, तेव्हा ती रिकामी जागा अफवा भरून काढते.

स्नोसाहेबाने लगेच हुकूम सैल केला. कारण मोठं विचार करण्यासारखं आहे. त्याला सगळ्यात जास्त धास्ती होती ती शहरातले भंगी-हलालखोर पळून जातील याची. शेठ लोक निघून गेले होतेच. थोड्याच महिन्यांत जवळजवळ निम्मं शहर रिकामं झालं. पण मैला वाहणारा माणूस गेला तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही, हे कमिशनरला पक्कं कळत होतं. ज्याच्या सावलीपासून लोक लांब राहत होते, त्याच्या हातात त्या दोन महिन्यांत या शहराचा जीव होता. दुर्दैवाने ही गोष्ट शहराने लक्षात ठेवली नाही.

पुढे फेब्रुवारी १८९७. युरोपातल्या देशांनी व्हेनिसला परिषद भरवली, हिंदुस्थानचा माल आणि माणसं अडवण्याची भाषा सुरू झाली. त्याच महिन्याच्या ४ तारखेला साथरोग कायदा आला. जेमतेम चार कलमांचा कायदा. सरकारला साथीच्या काळात जे करावंसं वाटेल ते करण्याची मुभा. हा कायदा मी मुद्दाम लक्षात ठेवायला सांगतो, कारण तो पुन्हा येणार आहे.

पुण्याची कथा शाळेपासून आपल्याला माहीत आहे, '२२ जून १८९७' हा सिनेमाही पुष्कळांनी पाहिला असेल. रँडसाहेब, गोरे सोल्जर, बुटांसकट देवघरात शिरणं, बायकांची चारचौघांत तपासणी, आणि मग गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंच्या गोळ्या. टिळकांवर राजद्रोहाचा खटला आणि दीड वर्षाची शिक्षा. यात एक बारकावा असा की टिळक रोग्यांना वेगळं ठेवण्याच्या विरुद्ध नव्हते. पुण्यात हिंदू प्लेग इस्पितळ उभं करण्यात त्यांचा पुढाकार होता. त्यांचा राग होता तो पद्धतीवर.

मला त्या वर्षातला मार्च महिना फार महत्त्वाचा वाटतो. रँडच्या तुकड्या पुण्याच्या पेठांतून घरं झडत होत्या, त्याच मार्चमध्ये हडपसरजवळच्या माळावर सावित्रीबाई फुले आणि त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला होता. सावित्रीबाईंचं वय तेव्हा छासष्ट. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्यात त्यांनाच लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. आता पाहा, औषध रँडकडेही नव्हतं आणि सावित्रीबाईंकडेही नव्हतं. रोग्याला घरातून हलवून वेगळं ठेवणं, हे दोघंही करत होते. एकाला लोकांनी गोळी घातली, दुसरीकडे लोक आपली पोरं सोपवत होते. वैद्यकशास्त्र तेच होतं, फरक होता तो नेणाऱ्या हातांत.

मुंबईत हे सरकारला कळायला आणखी एक दंगल व्हावी लागली. ९ मार्च १८९८, मदनपुरा. जुलाहा विणकरांची वस्ती. बारा वर्षांची एक मुलगी आजारी होती. पुरुष डॉक्टरने तिला तपासायला घरच्यांनी नकार दिला, बाचाबाची झाली, दगड पडले, गोळीबार झाला. पाठोपाठ गोदीतले हमाल आणि गाडीवाले कामावर आले नाहीत. मग मात्र धोरण बदललं. प्रत्येक समाजाला आपापलं प्लेग इस्पितळ काढायला उत्तेजन मिळालं, नातलगांना रोग्याजवळ थांबता येऊ लागलं, झडतीच्या वेळी त्या त्या मोहल्ल्यातली प्रतिष्ठित माणसं बरोबर घेतली जाऊ लागली. आता ही जातवार इस्पितळं काही आदर्श म्हणता येणार नाहीत. पण लोक निदान आपल्या पायांनी तिथे जाऊ लागले.

लशीची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण त्यात आपल्या परळचा संबंध आहे. वाल्डेमार हाफकीन हे ओडेसाचे ज्यू शास्त्रज्ञ, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात एका छोट्या जागेत कामाला लागले. तीन महिन्यांत लस तयार. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात, स्वतःहून पुढे आलेल्या कैद्यांवर. कैदी कितपत 'स्वतःहून' पुढे येतो हा प्रश्न आज कोणी विचारेल आणि विचारावाही. तिसरे आगाखान यांनी हाफकीनना काम करायला आपला बंगला दिला आणि स्वतः लोकांसमोर लस टोचून घेतली. त्यांच्या जमातीतले हजारो लोक त्यांच्यामागोमाग आले. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तीच आजची हाफकीन संस्था, जिच्या नावाशी आपल्या नातवंडांचे पोलिओचे डोस जोडलेले आहेत.

टोचून घेतल्याचा दाखला असला की क्वारंटाइनमधून सवलत मिळे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये दोन डोसांचं सर्टिफिकेट दाखवून लोकलचा पास काढायला आपण तिकीट खिडकीशी रांगा लावल्या, तेव्हा मला तो जुना दाखला आठवला.

पण विश्वास हे खातं फार नाजूक. भरायला वर्षं लागतात, काढायला एक दिवस. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात लस घेतलेले १९ लोक धनुर्वाताने मेले. ठपका हाफकीनवर आला, त्यांचं काम काढून घेतलं. दोष प्रयोगशाळेचा नव्हता, गावात बाटली उघडताना घोटाळा झाला होता, हे सिद्ध होऊन ते निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं. तोवर लशीबद्दल लोकांच्या मनात जे बसायचं ते बसलं होतं. हिंदुस्थानात पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत प्लेगने एक कोटीहून अधिक माणसं नेली. मुंबईची लोकसंख्या १८९१ च्या खानेसुमारीत ८ लाख २१ हजार होती, ती १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजार झाली. ज्या शहराला आपण कायम फुगतानाच पाहिलं, ते दहा वर्षांत आकसलं होतं.

आता खिडकीकडे येतो.

प्लेगने सरकारला धडा दिला की गर्दीच्या चाळी जशा आहेत तशा ठेवून चालणार नाही. म्हणून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट, पुढे मोहमद अली रोड झाला तो रस्ता, ही ट्रस्टची कामं. समुद्राची हवा शहराच्या पोटात शिरावी म्हणून रुंद रस्ते कापले. बीआयटी चाळी बांधल्या. उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथे आखीव वसाहती काढल्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स, ही सगळी त्यातलीच. आज तिथला भाव ऐकून आपल्याला घाम फुटतो, पण त्या झाडांच्या सावलीचं मूळ मांडवीच्या उंदरांत आहे.

ट्रस्टचे एक चेअरमन होते ऑर नावाचे. त्यांना उजेड-वाऱ्याचं जवळजवळ वेडच होतं. १९१२ मध्ये त्यांनी मुंबईच्या घरांतल्या उजेडावर आणि हवेवर व्याख्यान दिलं. त्यांचा नियम म्हणजे साडेत्रेसष्ट अंशांचा कोन. घाबरू नका, गणित सोपं आहे. खिडकीसमोरची भिंत जितकी उंच, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा मधे हवी. भिंत चाळीस फूट तर अंतर वीस फूट. एवढं असलं तर खालच्या मजल्यावरच्या खोलीतही थोडं आभाळ दिसतं.

यात गंमत अशी की प्लेगच्या बाबतीत हा उपाय नेमका लागू नव्हता. पिसू काही कोन मोजून चावत नाही. पण क्षयाच्या बाबतीत तो अगदी बरोबर होता. क्षयाचे जंतू कोंदट खोलीतल्या हवेत तरंगत राहतात, हवा खेळती असली की विरळ होतात, उन्हात लवकर मरतात. चुकीच्या कारणासाठी सरकारने योग्य खिडकी उघडली, असं मी म्हणतो. याचा पुरावा उलट बाजूने आपल्याच काळात मिळाला. गोवंडी-मानखुर्दकडे नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसनाच्या वसाहती आहेत. झोपडीतून माणसं पक्क्या घरात आणली, पण दोन इमारतींमध्ये अंतर ठेवलं जेमतेम तीन मीटर. २०१८ मध्ये झालेल्या अभ्यासात तिथल्या ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयाचं प्रमाण जास्त आढळलं. सव्वाशे वर्षांपूर्वीची घरगल्ली आपण सिमेंटमध्ये पुन्हा बांधली, आणि तीही सरकारी परवानगीने.

ट्रस्टचं कौतुक करताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ट्रस्टने जितक्यांची घरं पाडली तितक्यांना घरं दिली नाहीत. रस्त्यात घर गेलेला हमाल शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहू लागला. दादर-माटुंग्याच्या प्लॉटवर तो येऊ शकत नव्हता, तिथे आले पगारदार कारकून, वकील, डॉक्टर. म्हणजे आपल्यासारखे.

आणि या आपल्यासारख्यांमधूनच सहकारी सोसायटी जन्माला आली. रावबहादूर श्रीपाद सुबराव तालमकी हे चित्रापूर सारस्वत समाजातले गृहस्थ. १९०६ मध्ये त्यांनी एक सहकारी पतपेढी काढली, तीच पुढे शामराव विठ्ठल बँक झाली. बँकवाला म्हणून मला याचा अभिमान की आधी पतपेढी आली, घर नंतर. १९१५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. जमीन इम्प्रूव्हमेंट ट्रस्टकडूनच भाडेपट्ट्याने. मुंबईतली ही पहिली गृहनिर्माण सोसायटी. एकट्या कारकुनाला घर परवडत नाही, पण वीस-पंचवीस जण मिळून जमीन घेऊ शकतात, आणि भाड्यासाठी दारात उभा राहणारा मालक मधे लागत नाही, ही कल्पना तेव्हा नवी होती. आपण आज मेंटेनन्स भरताना कुरकुर करतो ती याच कल्पनेची पोटपुजा.

त्या काळच्या इमारती मला फार आवडतात, पण त्यांच्या पाठीमागे एक गोष्ट दिसते. गिरगाव, दादर, माटुंग्याच्या जुन्या इमारतींच्या मागे गोल, गंजलेला लोखंडी जिना असतो. तरुण मुलांना तो आगीच्या वेळी उतरायचा वाटतो. तो तसा नाही. संडास घरात आले, आरोग्याच्या दृष्टीने फार चांगलं झालं, पण ते साफ करायला येणारा माणूस पुढच्या दाराने, आपल्या जिन्याने येता कामा नये, म्हणून त्याच्यासाठी मागून वेगळा जिना. ज्याच्यावाचून शहर चालणार नाही असं १८९६ मध्ये स्नोला कळलं होतं, त्याला पुढच्या वीस वर्षांत आपण असा जिना दिला. शास्त्राने पाइप आणला आणि तो कुठून न्यायचा हे जातीने ठरवलं.

मार्च २०२० मध्ये मुंबईत कोविडचे पहिले रोगी कस्तुरबा रुग्णालयात ठेवले गेले. कस्तुरबा म्हणजे तेच जुनं ऑर्थर रोडचं इस्पितळ, ज्याच्यावर गिरणी कामगार चालून गेले होते. महाराष्ट्र सरकारने जो कायदा लागू केला तो तोच, १८९७ चा, चार कलमांचा. एप्रिलमध्ये त्याला वटहुकुमाने ठिगळ लावावं लागलं, कारण डॉक्टर-नर्सवर हल्ले व्हायला लागले होते. मांडवीच्या दारावर अक्षरं रंगवली होती, आपल्या गेटवर म्युनिसिपालिटीचा फलक आणि बांबू आले. जुलैमध्ये तीन वॉर्डांत रक्त तपासलं तेव्हा झोपडपट्टीत शंभरात ५७ जणांना संसर्ग होऊन गेलेला आढळला, इमारतींत १६ जणांना. त्यामागे मुख्य कारण दाटी आणि सार्वजनिक संडास. म्हणजे आपण वाचलो ते बरंचसं आपल्या भिंतींनी आणि मधल्या मोकळ्या जागेने वाचलो. काढा पिणाऱ्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

त्या काळात आपल्या सोसायटीने काही कामं फार चांगली केली. आठवडाभर भाजी दारात पोचवणारी तरुण मंडळी इथे बसली आहेत, त्यांना टाळ्या मिळाल्याच पाहिजेत. पण बी विंगमध्ये भाड्याने राहणाऱ्या, म्युनिसिपल हॉस्पिटलात नर्स असलेल्या ताईंना 'काही दिवस बाहेर सोय बघा' असं सांगायला चार माणसं गेली होती. त्यांच्यासाठी थाळ्या वाजवून आठवडाही झाला नव्हता. आणि लिफ्टशेजारी एक पाटी लागली, 'घरकाम करणाऱ्या महिला व डिलिव्हरी बॉय यांनी फक्त लिफ्ट क्र. २ वापरावी.' तेव्हा तिला साथीचं कारण होतं. साथ गेली, मास्क गेले, सॅनिटायझरचा स्टँड भंगारात गेला. पाटी आहे. दोनदा मी लेखी दिलं, दोनदा 'पुढील मीटिंगमध्ये पाहू' असं उत्तर आलं. गेल्या दिवाळीत तिला नवीन फ्रेमही आली. तो लोखंडी जिनाच आहे, फक्त स्टेनलेस स्टीलचा आणि बटण दाबलं की वर जाणारा.

सेक्रेटरी घड्याळ दाखवताहेत. शेवटची एक गोष्ट सांगतो आणि बसतो.

येत्या सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक ९ आहे, पूर्वेच्या मोकळ्या जागेत दोन मजली स्टॅक पार्किंग बसवण्याचा. गाड्यांची अडचण मला मान्य आहे, माझ्या मुलाचीही गाडी रस्त्यावर उभी असते. परवा वॉचमनला टेप धरायला लावून मी ती जागा मोजली. भिंतीपासून कंपाउंडपर्यंत सहा मीटर. शेजारचा टॉवर त्याच्या कंपाउंडपासून आणखी सहा मीटरवर, म्हणजे मधे एकूण बारा. टॉवरची उंची मी सांगत नाही, मान वर करून पाहा. ऑरसाहेबांच्या हिशेबात आपण आत्ताच नापास आहोत. त्यात ते लोखंडी सांगाडे उभे राहिले की पहिल्या मजल्यावरच्या चार घरांची स्वयंपाकघरं आणि एकेक बेडरूम गाड्यांच्या मागे जाणार. इंजिनाचा धूर थेट ओट्यावर. त्या चारपैकी तीन घरांत भाडेकरू राहतात. भाडेकरूंना सभेत मत नाही. त्यांच्या मालकांपैकी एक पुण्याला, एक दुबईला, आणि तिसऱ्यांनी स्वतःच पार्किंगसाठी अर्ज केलेला आहे.

नोटीस निघाली आहे, सभेला तीन आठवडे आहेत. माझी विनंती एवढीच की मत देण्याआधी प्रत्येकाने एकदा १०२ मध्ये जावं आणि सकाळी अकरा वाजता स्वयंपाकघराच्या खिडकीशी पाच मिनिटं उभं राहावं. आता तिथे किती उजेड येतो ते पाहावं, आणि मग खिडकीबाहेर हात लांब करून गाडीचं चाक कुठे येईल त्याचा अंदाज घ्यावा. तिथल्या वहिनींना मी विचारून ठेवलं आहे, त्यांची हरकत नाही. रविवार सोडून कधीही या म्हणाल्या. फक्त चहाची अपेक्षा ठेवू नका, आपण शहाऐंशी सभासद आहोत.